सातव्या उसाशावरचे त्रैराशिक

नारोपंत गणिती यांची व माझी पहिली गाठ बुधवारातल्या हौदावर पडली, आणि ती मी आरोपी म्हणून उभा असताना. हौदाचा गिलावा माझ्या हातचा होता. गिलावा वाळून पाणी भरले, तर दुसऱ्या दिवशी दोन बोटे पाणी कमी. लोकांना दोन बोटे पुरली. गवंड्याने चुन्यात वाळू जास्त घातली, असे जो तो म्हणू लागला. त्यांतल्या एकानेही जन्मात चुना मळला नव्हता, पण पुण्यात मत द्यायला तेवढे लागत नाही.

त्या गर्दीतून एक सडपातळ गृहस्थ पुढे आले. त्यांनी घरून तांब्याचे मोठे घंगाळ आणवले, काठोकाठ भरले आणि हौदाच्या कठड्यावर उन्हात ठेवले. दिवसभर ते तेथेच डोक्यावर उपरणे घेऊन बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी काडी घातली. घंगाळातले पाणीही दोन बोटेच उतरले होते, आणि घंगाळाला काही मी गिलावा केला नव्हता. पंत जमलेल्यांना एवढेच म्हणाले, की गवंड्याला सोडा आणि सूर्याला पकडून आणा. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "मिस्त्री, चुना शेकडा किती घालता?" मी म्हणालो, अंदाजाने घालतो. त्यावर त्यांनी तोंड असे केले, की मला आरोप परवडला असता.

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. मी जातीने मुसलमान, धंद्याने गवंडी. त्यांच्या ओट्यावर मला जागा कशी मिळणार, ही काळजी माझ्यापेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांना जास्त होती. पंतांनी ती सोपी करून टाकली. ते स्वतःच ओटा सोडून पायरीवर येऊन बसत. मध्ये धूळपाटी ठेवत आणि बोटाने आकडे काढत. शेजारी कुरकुरले तेव्हा ते म्हणाले, की धुळीला जात नसते आणि आकड्याला त्याहून नसते. या बाडात माझेही एक पान असावे, असा आग्रह त्यांच्या घरच्यांनीच धरला. पंतांच्या साठीशांतीनिमित्त आपण सर्व शिष्यमंडळी एकेक पान लिहीत आहोत. बाकीच्यांची अक्षरे माझ्यापेक्षा चांगली असतील. पण मला जे लिहायचे आहे ते दुसऱ्या कुणाजवळ नाही.

पंतांचे गणित पोथीतले कमी आणि रोजचे जास्त. कुणाच्या घरी मुंज निघाली, की यजमान प्रथम पंतांकडे येत. शंभर पाने मांडायची तर तांदूळ किती? पंत विचारत, आमंत्रणे किती घरांना? मग सांगत, की पुण्यात शंभरांना बोलावले तर एकशेवीस जेवतात, तेव्हा शेकडा वीस वाढवा, आणि आमरस असेल तर शेकडा तीस. कुंभारणीच्या भट्टीत शंभरातली किती मडकी फुटतात, वैद्यबुवांचा काढा अष्टमांश आटायला किती लाकूड लागते, असले प्रश्न घेऊन माणसे येत आणि उत्तर घेऊन जात. उत्तर देताना पंत कधी घाई करत नसत आणि प्रश्न क्षुल्लक आहे असे कधी भासवत नसत. मला त्यांनी हे शिकवले म्हणून माझा गिलावा आज वीस वर्षे टिकतो आहे.

अव्यक्ताचे गणित शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. जी संख्या माहीत नाही तिच्या जागी ते धुळीत एक चिंचोका ठेवत. मध्ये एक रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंचे वजन सारखे राहिले पाहिजे. इकडून काढाल ते तिकडूनही काढा, असे करत करत चिंचोका एकटा उरला, की त्याच्यासमोर जे असेल ते त्याचे मोल. मला ते फार आवडे. कुणी अनोळखी दाराशी उभा आहे आणि आपण एकेक करून गर्दी बाजूला सारतो आहोत, अशी गंमत वाटे. आता तशी गंमत वाटत नाही, आणि ते का, हेच सांगायचे आहे.

डोंगराकडच्या तलावातून शहरात पाणी आणणारा जमिनीखालचा नळ आपण सर्वांनी ऐकला आहे, पाहिला थोड्यांनी. आत माणूस उभा चालेल एवढा तो उंच आहे, आणि ठरावीक अंतरावर हवेसाठी विहिरीसारखी तोंडे वर काढलेली आहेत. त्यांना आम्ही उसासे म्हणतो. भर उन्हाळ्यातही उसाशाच्या तोंडाशी ओला, गार वारा येतो. दर साली गाळ काढण्यासाठी नळाचा एकेक टप्पा कोरडा करावा लागतो. वरच्या अंगाला फळ्या आणि चिकणमातीचा कच्चा बांध घालायचा, त्यामागे पाणी अडवायचे, आणि खालच्या उसाशातून माणसे उतरवायची.

या कामात एक जुना नेम आहे. आत उतरलेली माणसे मोजायची नाहीत. जमिनीखाली गेलेल्या जिवांची गणती केली की कमी पडतात, अशी समजूत आहे. म्हणून कारकून टोपल्या मोजतो. एक माणूस एका प्रहरात दहा टोपल्या गाळ वर पाठवतो, हे बापजाद्यांपासून ठरलेले. टोपल्यांना दहाने भागले, की आत किती जण होते ते कळते.

त्या साली काम बिबवेवाडीच्या मळ्याजवळ, सातव्या आणि आठव्या उसाशाच्या मध्ये चालले होते. कच्चा बांध आठव्याच्या किंचित अलीकडे घातला होता. माझा थोरला भाऊ उस्मान सकाळीच बांधाकडच्या टोकाला गेला होता. सूर्य कासराभर वर आला असेल, तेव्हा जमिनीतून एक दबका आवाज आला आणि सातव्या उसाशातून चुन्याची धूळ उसळली. मधले छत बसले होते. सहा जण खोकत वर आले. उस्मान आला नाही.

मी आत जाऊन पाहिले. विटा, चुना, दगड यांचा ढीग छतापर्यंत. मी हाका मारल्या. ढिगातून पाण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. माझी आई तेव्हा हयात होती; तिला काय सांगायचे, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

सहा जणांनी पहिला प्रहर खणले. साठ टोपल्या निघाल्या. मग नळाचे दरोगा घोड्यावरून आले. शहरातले हौद कोरडे पडले होते, आणि दिवेलागणीपूर्वी हौदात पाणी हवे, अशी वाड्यावरून वर्दी होती. दरोगा वाईट मनाचे नव्हते. ते म्हणाले, की माणूस ढिगाखाली आहे आणि तो गेला. बांध फोडला तर पाण्याच्या लोंढ्याने ढीगही वाहून जाईल आणि प्रेतही मिळेल. मी त्यांचे पाय धरले आणि एक प्रहराची मुदत मागून घेतली. दरोगा दुसऱ्या कुणाचे नाही तरी पंतांचे ऐकतील, हे मला माहीत होते, म्हणून मी माणूस धाडून पंतांना बोलावले.

पंत उन्हातून चालत आले. त्यांनी माझे सांत्वन केले नाही. काढलेल्या मालाजवळ बसले, नारळाची एक करवंटी मागितली, आणि पहिल्या प्रहरातली एक टोपली करवंटीने मोजली. दहा करवंट्या भरल्या. ते सारे पाण्यात धुतले, माती गेली, आणि विटा-चुन्याच्या खड्यांच्या सात करवंट्या उरल्या. शेकडा सत्तर छत आणि शेकडा तीस गाळ, असे त्यांनी धुळीत लिहिले. दोन-तीन टोपल्यांना तेच आले. मला त्या वेळी त्यांचा राग आला. माझा भाऊ खाली आणि हे माती धुताहेत.

दुसरा प्रहर संपत आला तेव्हा आतून वर येणाऱ्या माणसांचे चेहरे बदलले होते. त्यांतला म्हातारा रामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, आत कायतरी हाय. खोरं लावायच्या आधीच समोरचा माल सैल झालेला असतोय." बाकीचे उसाशाकडे पाठ करायला तयार नव्हते.

कारकून भिकाजीपंतांनी टोपल्या मोजल्या. सत्तर. त्यांनी दहाने भागले, सात आले. मग खात्रीसाठी उसाशाच्या तोंडाशी काढून ठेवलेल्या पायताणांकडे पाहिले. सात जोड. "बरोबर जुळले," असे म्हणून त्यांनी सुस्कारा टाकला.

सातवा जोड उस्मानचा होता.

भिकाजीपंतांच्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि आले तेव्हा त्यांच्या हातातला बोरू खाली पडला.  उसाशातून वारा येत होता. रामाने कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटले आणि सहाच्या सहा जण दहा पावले मागे सरले.

पंत तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी नव्या टोपल्या धुतल्या. आता दहा करवंट्यांत खड्यांच्या सहाच निघाल्या, बाकी सारा काळा, तळचा गाळ. त्यांनी दरोगांना जवळ बोलावले आणि धुळीत रेघ ओढली. शेकडा साठाप्रमाणे सत्तर टोपल्यांत छताचा माल बेचाळीस टोपल्या. छत तर ढिगातूनच येणार, आणि ढिगात ते शेकडा सत्तर. म्हणजे बेचाळीस टोपल्या छत मिळायला ढीग साठच टोपल्या उपसला गेला. उरलेल्या दहा टोपल्या निव्वळ गाळ. तो ढिगातला नव्हे. रेघेच्या एका बाजूला त्यांनी दहा टोपल्या लिहिल्या आणि दुसऱ्या बाजूला चिंचोका ठेवला.

"दहा टोपल्या म्हणजे एका प्रहराचा एक माणूस," पंत म्हणाले. "तो पलीकडच्या तळाचा गाळ उपसून ढिगातून इकडे लोटतो आहे. दरोगासाहेब, उस्मान जिवंत आहे. बांध फोडाल तर आपण त्याला बुडवाल."

मी खाली बसलो आणि रडलो, हे लिहायला मला लाज नाही.

दरोगांनी बांध फोडायचे रहित केले. पण त्याच वेळी आठव्या उसाशावर बसवलेला माणूस धावत आला. तेथे गाठी मारलेली दोरी सोडून बांधामागच्या पाण्याची पातळी पाहत होते. दोन घटकांपूर्वी पाणी एक बोट उतरले होते, एका घटकेपूर्वी दोन, आता एकूण चार. म्हणजे बांध गळत होता आणि ते पाणी उस्मान होता त्या पोकळीत चढत होते. दरोगा म्हणाले, दोन घटकांत तीनच बोटे वाढली. पुरुषभर पाणी व्हायला दिवस लागेल, सावकाश खणा.

पंतांनी मान हलवली. त्यांनी धुळीत आकडे मांडले: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. दोनाला दोनाने गुणत जायचे. गळती बांधाची माती खाते आहे, म्हणून ती बेरजेने वाढत नाही, पटीने वाढते आहे. आणखी चार घटकांनी पाणी छातीला लागेल आणि पाचवी घटका भरायच्या आधी डोक्यावरून जाईल. "चार बोटे पाहून निर्धास्त होऊ नका," ते म्हणाले. "छातीला पाणी लागलेले दिसेल तेव्हा एकच घटका उरलेली असेल."

वेळ जवळजवळ अर्ध्या प्रहराचा. सगळा ढीग उपसण्याऐवजी छतालगत माणूस सरपटेल एवढेच बीळ पाडायचे, तर मी मोजून पाहिले, पन्नास टोपल्या काढाव्या लागणार होत्या. अर्ध्या प्रहरात एक माणूस पाच टोपल्या. पन्नासाला पाचाने भागायला पंत लागत नव्हते. दहा माणसे हवी होती. सहा होती, आणि ती सहाही उतरायला तयार नव्हती. पंतांनी काय सांगितले ते त्यांना ऐकू आले होते, पण त्यांनी पाहिले ते वेगळे होते.

तेव्हा पंतांनी उपरणे कमरेला बांधले, जोडा काढून ओळीत ठेवला आणि शिडीवर पाय टाकला. चाळिशी उलटलेला, जन्मात टोपली न उचललेला माणूस. दरोगा म्हणाले, "अहो पंत, हे आपले काम नव्हे." पंत म्हणाले, "उत्तर मी दिले आहे. ते पडताळून पाहणे माझेच काम." त्यांच्यामागे मी उतरलो. मग भिकाजी कारकून उतरले. मघाचे 'जुळले' त्यांना फार लागले असावे. ते पाहिल्यावर रामा आणि पाचही जण आले. आम्ही नऊ झालो. पंत अंधारात म्हणाले, "दहावा पलीकडे आहे. तो आपल्या आधीपासून कामाला लागलेला आहे."

आत काय झाले ते मी थोडक्यात सांगतो. दिवटीच्या उजेडात आम्ही ओळीने टोपल्या सरकवत होतो. रामा म्हणाला ते खरे होते. खोरे लागण्याआधी समोरचा माल आपोआप खाली सरके, कुणी पलीकडून ढकलावा तसा. एक लय होती त्या सरकण्याला. मी दर वेळी भावाचे नाव घेत होतो आणि उत्तर येत नव्हते. दमला असेल, असे मी मनाशी म्हणे. मग माझे खोरे पोकळीत गेले, गार वारा तोंडावर आला, आणि पलीकडे पाण्याचा चुळचुळाट ऐकू आला. मी दिवटी आत धरली.

उस्मान उभा होता. पाणी छातीला लागले होते. त्याचे दोन्ही हात कोपरांपर्यंत ढिगाच्या दगडांत चिणले गेले होते. बोटे काळीनिळी पडली होती. छत बसले तेव्हापासून त्याला एक बोटही हलवता आलेले नव्हते. त्याने दिवटीकडे डोळे बारीक करून पाहिले, मग डावीकडे मान कलती करून तो म्हणाला, "दाऊद, आधी ह्याला काढ. हा फार दमलाय."

त्याच्या डाव्या हाताला कुणी नव्हते.

आम्ही पहारीने दगड उचकटले आणि त्याला ओढून घेतले. तो सारखा मागे वळून पाहत होता. सगळे त्याला घेऊन शिडीकडे धावले तेव्हा पंत एकटे दिवटी घेऊन बिळातून पलीकडे गेले. मी ओरडलो, बांध जाईल. ते थोड्या वेळाने परत आले, भिजलेले. मी काय ते डोळ्यांनीच विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आम्ही वर येऊन पुरते उभे राहतो न राहतो, तोच आठव्याकडे बांध गेल्याचा धडाका झाला आणि आमच्या पायांखालून पाणी धावत शहराकडे गेले.

वर मळ्यात लोकांनी पंतांचा जयजयकार चालवला होता. गणिताने माणूस वाचवला, असे दरोगा स्वतः म्हणत होते. मला वाटते, दुसरा कुणीही असता तर मान लववून ते घेतले असते. पंत धुळीतल्या रेघेजवळ गेले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "माझी रीत चुकली. मी म्हणालो, गाळ उस्मानाने लोटला. त्याचे हात अडकलेले होते. संख्या बरोबर आली, पण ती ज्याच्या नावावर मांडली तो तो नव्हे. उत्तर बरोबर आले म्हणून रीत बरोबर ठरत नाही." दरोगा काही बोलायला गेले, तर भिकाजी कारकुनांनी त्यांचा हात धरला. आत हातोहात सरकवतानाच त्यांनी दुसऱ्या वेळच्या टोपल्या मोजल्या होत्या. आम्ही नऊ जण, पंचेचाळीस व्हायला हव्या होत्या. पन्नास भरल्या होत्या.

उस्मानने नंतर मला जे सांगितले ते एकदाच सांगितले. अंधारात त्याच्या डाव्या बाजूला कुणीतरी सारखे उपसत होते. दिवटी आत येईपर्यंत त्याला वाटत होते, की मीच कसातरी पलीकडे पोचलो आहे. तो त्याच्याशी आमच्या लहानपणच्या गोष्टी बोलत राहिला, म्हणून शुद्धीवर राहिला. त्या माणसाने एकदाही उत्तर दिले नाही, फक्त श्वास लागल्याचा आवाज येत होता. त्याचा खांदा उस्मानच्या खांद्याला लागे तेव्हा तो पाण्याहून गार लागे.

आज उस्मानच्या दोन बोटांना वाक येत नाही, बाकी तो धडधाकट आहे. माझ्या आईने डोळे मिटले ते त्याच्या मांडीवर. एवढे देणे ज्यांच्यामुळे मिळाले त्या माणसाबद्दल मी काय लिहू? पंतांना मी गणिती म्हणून मानतो, पण त्याहून मानतो ते यासाठी, की लोक हार घालायला आले असताना त्यांनी आपली चूक आधी सांगितली. असे करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. कुणाला माहीत असेल तर कळवावे.

पंत अजून ते गणित सोडवत असतात. मागल्या महिन्यात मी पायरीवर जाऊन बसलो, तर धुळीत तीच रेघ, तोच सत्तरांचा आकडा. त्यांनी सारे जुने संशय मांडून पाहिले आहेत: टोपल्यांची मोजणी चुकली असेल, करवंटी बदलली असेल, बांधाच्या पाण्यानेच गाळ लोटला असेल. कशानेही दोन्ही वेळचे उत्तर बसत नाही. ते मला म्हणाले, "मिस्त्री, किती ते कळले. कोण ते कळल्यावाचून मी जायचा नाही." आणि हसले. मला हसू आले नाही, कारण ते उत्तर कोणत्या गावी मिळते याचा मला अंदाज आहे.

तेव्हा शिष्यमंडळींनी शेवटी आशीर्वाद मागायचा असतो तो मी असा मागतो. नारोपंतांचे डोळे धुळीतला बारीक आकडा दिसेल इतके लख्ख राहोत, पाय पायरी उतरण्याइतके बळकट राहोत, आणि अन्न गोड लागो. आम्हां सर्वांचे प्रश्न त्यांच्याकडून सुटत राहोत. आणि परवरदिगारापाशी माझी एवढीच अर्जी आहे, की हा एक प्रश्न मात्र त्यांना फार, फार वर्षे सुटू नये.